पांढरी चारवरचा लाल ठिपका

कापसातली सरकी काढायची जिन बंद झाली की दिग्रस एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं. कापसाचा हंगाम असेपर्यंत त्या यंत्रांची घरघर आमच्या घराच्या भिंतींत मुरलेली असे. आई स्वयंपाकघरातून ओरडून बोलायची, बाबा ओसरीवरून ओरडून उत्तर द्यायचे आणि नवखा पाहुणा आला तर त्याला वाटायचं, या घरात अष्टौप्रहर भांडण चालतं. मग एक दिवस भोंगा व्हायचा, पट्टे थांबायचे, आणि त्या शांततेत आईच्या हातातली पळी पातेल्यावर वाजली तरी दचकायला व्हायचं. आमचं घर जिनच्या मागच्या भिंतीला लागून होतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर, बाबांच्या टोपीवर रुईचा पांढरा भुरका बसलेला असे. बाबा अर्जनवीस होते. कचेरीच्या आवारात लिंबाखाली चटई टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यामुळे घरीसुद्धा त्यांची भाषा तशीच. भूक लागली तर म्हणायचे, अर्जदार सकाळपासून उपाशी आहे, तरी मेहेरबानी व्हावी. आई म्हणायची, अर्ज नामंजूर, अजून भाकरी व्हायच्या आहेत. आई अंबाडीची भाजी करायची, वरून लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकर. तशी भाजी मला या सत्तर वर्षांत परत मिळाली नाही आणि मीही कधी केली नाही. मला येत नाही, हे सुनांना सांगायची लाज वाटते म्हणून मी म्हणते, अंबाडीनं माझे गुडघे दुखतात.

घरात एक पेटी होती. तिचा भाता उंदरांनी कुरतडला होता आणि ती माळ्यावर पडून होती. त्या पावसाळ्यात बाबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ती खाली काढली आणि जिनमधल्या फिटर मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री सहा महिने यंत्रं दुरुस्त करायचे आणि उरलेले सहा महिने पेट्या, ढोलक, जे मिळेल ते. आदल्या वर्षी त्यांच्या घरातले देव नदीत गेले होते आणि ते बुद्धाला मानू लागले होते. त्यामुळे आमच्या गल्लीत त्यांच्याकडे पाहण्याची तऱ्हा आणखीच बदलली होती. ते ओसरीच्या खालच्या पायरीवर बसले. आईनं त्यांना कान तुटलेल्या कपात चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी तो कप स्वतः विसळला आणि उन्हात पालथा ठेवला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आता तो पालथा कप आठवला की माझ्याच घरात मला अवघडल्यासारखं होतं. भात्याला त्यांनी बकरीचं मऊ कातडं लावलं, पट्ट्या एकेक करून दाबून पाहिल्या आणि विचारलं, "हे वाजवते कोण?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं. मला चार सरळ सूर आणि एक आरती येत होती. मिस्त्री म्हणाले, जिनचं गोदाम रिकामं आहे, तिथं ते पोरं जमवून गाणं शिकवतात, पेटीवाली पाहिजे.

आई नाही म्हणाली. बाबा हो म्हणाले. दोन दिवस घरात खरंच भांडण झालं आणि या वेळी जिनचं निमित्तही नव्हतं. शेवटी असं ठरलं की मी जायचं, पण तिथं पाणी प्यायचं नाही, आणि आल्यावर मागच्या दारी हातपाय धुऊन कपडे बदलूनच घरात यायचं. मी कबूल केलं. पहिल्याच दिवशी गोदामातल्या माठातून दोन पेले पाणी प्यायले, कारण रुईच्या भुरक्यानं घसा धरला होता. मला तेव्हापासूनच खोटं बोलणं जमत होतं म्हणायचं.

त्या मेळ्यासारखी मुलं मी पुन्हा एकत्र बसलेली पाहिली नाहीत. वकिलाचा मुलगा होता, हमालाच्या दोन मुली होत्या, गजानन नावाचा एक मुलगा होता, जो बोलताना अडखळायचा आणि गाताना अजिबात अडखळायचा नाही. पिंजाऱ्याचा युसूफ होता. लहानपणी देवी आल्या त्यात त्याचे दोन्ही डोळे गेले होते. तो एकतारी वाजवायचा आणि कान असे की गोदामात कोण आलं हे चपलेवरून सांगायचा. सगळ्यांना एकच सतरंजी, एकच माठ, एकच पेला. गावात लोक आम्हाला खिचडी मेळा म्हणायचे. मिस्त्रीकाकांना त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचे, खिचडी पचाले हलकी असते.

त्यांचा नियम एकच होता आणि तो मी अजून कुठे पाहिला नाही. नवीन पोर आलं की ते त्याला आधी गायला लावायचे आणि त्याचा आवाज वर कुठपर्यंत जातो ते पाहायचे. ज्याचा आवाज सगळ्यांत कमी चढेल, त्याचा जो सा, तोच सगळ्या मेळ्याचा सा. बाकीच्यांनी त्याच्याजवळ खाली यायचं. इतर ठिकाणी ज्याचा आवाज चढत नाही त्याला मागे उभं करतात, नुसतं तोंड हलव म्हणतात. मिस्त्रीकाका म्हणायचे, "वरच्याले खाली याले काई लागत नाही. खालच्याले वर ओढलं का तुटते. मंग जोडता येत नाही." पहिले काही आठवडे आमचा सा काळी चार होता, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. ती माझीच पट्टी होती. त्या सुरात माझा आवाज असा लागायचा की मला स्वतःलाच ऐकावंसं वाटे. आणि मग रूपली आली.

रूपली माझ्याच वर्गात होती. तिचा बंजाऱ्यांचा तांडा गावापासून कोसभर लांब, नाल्यापलीकडे. फेटियाचा घागरा आणि आरसे लावलेली कांचळी, म्हणजे चोळी, घालून ती शाळेत यायची आणि मास्तरीणबाई फळ्याकडे वळल्या की मुली तिचे आरसे मोजायच्या. ती कुणाशी फारशी बोलत नसे. तिचं गाणं मिस्त्रीकाकांनी ऐकलं ते नाल्यावर. तिच्या बापाला, हरसिंगला, भेटून त्यांनी तिला गोदामात आणलं. "गाय बाई," म्हणाले. ती गायली. आवाज जाड, खालचा, थोडा खरबरीत. पण तो आवाज सुरू झाला आणि युसूफनं एकतारी मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली. मिस्त्रीकाकांनी तिला वर नेत नेत पाहिलं. मग पेटीवर बोट फिरवून ते पांढरी चारवर थांबले. माझ्या पट्टीपेक्षा तीन पट्ट्या खाली. यंत्राला लावायचा तांबडा रंग होता, त्याचा एक ठिपका त्यांनी पेटीच्या त्या चौथ्या पांढऱ्या पट्टीवर दिला आणि मला म्हणाले, आता आपला सा इथं, चुकू नको.

मी चुकत नव्हते. पण त्या सुरात माझा आवाज दबायचा, हेही खरं. मिस्त्रीकाकांनी कापूस वेचणीवर स्वतः एक गाणं रचलं होतं. पहिली ओळ रूपली एकटी गायची, 'बोंड फुटलं शिवारी, हाती पांढरं ऊन गं'. मग सगळे. दुसऱ्या कडव्यात सूर चढत चढत वरच्या पंचमावर जायचा, ती ओळही तिचीच एकटीची. ती तिथं पोहोचायची तेव्हा आवाज पार काठावर आलेला असे, पण पांढरी चारमध्ये तो काठ तिला पुरायचा. गाताना ती माझ्या उजव्या खांद्यामागे उभी राहायची. तिला सरगम वाचता यायची नाही, सुरांची नावंही तिला परकी वाटायची. ती माझ्या बोटाकडे पाहायची. माझं बोट लाल ठिपक्यावर गेलं की ती श्वास घ्यायची. तिनं तेवढंच धरून ठेवलं होतं.

आमची मैत्री खाण्यावरून झाली. ती फडक्यात ज्वारीची बाटी आणि लाल मिरचीचा ठेचा आणायची. मी घरून वाळवणाच्या खारोड्या चोरून न्यायची. त्या बाटीला चुलीचा असा वास यायचा की मी आईच्या भाकरीला नावं ठेवू लागले आणि एकदा त्यावरून फटकाही खाल्ला. रूपली मला गोरबोलीतले शब्द शिकवायची. आई म्हणजे याडी. त्यांच्यातले ते गोर आणि आमच्यासारखे बाहेरचे ते कोर. मी विचारलं, मग मी कोर का? ती म्हणाली, "तू पेटीवाली." मला ते इतकं आवडलं की मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, अर्जदारास नवीन जात मिळाली, अभिनंदन.

ते सातवीचं वर्ष होतं. रूपलीच्या बापानं फुलसावंगीकडच्या एका तांड्यात तिची सोयरीक बोलून ठेवली होती. मिस्त्रीकाकांचं म्हणणं असं की मुलगी हुशार आहे, सातवी पास झाली की यवतमाळला मास्तरणीच्या शिक्षणाला जाऊ द्या, चार वर्षांत तांड्यावर स्वतःची शाळा काढेल. हरसिंग आमच्या बाबांकडून जमिनीचे अर्ज लिहून घ्यायचा, त्यामुळे हे बोलणं आमच्याच ओसरीवर झालं. तो उंच, शांत माणूस होता, डोक्याला लाल पागोटं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की मास्तरीण व्हायचं म्हणजे लोकांसमोर उभं राहावं लागते, आणि ही पोर तर शाळेत तोंड उघडत नाही असं ऐकलं. यवतमाळला समूहगीतांची स्पर्धा होती, तिथं आमचा मेळा जाणार होता. "म्या येतो ऐकाले," हरसिंग म्हणाला. "चार लोकायसमोर उभी राह्यली, तर धाडीन शाळेत. नाही राह्यली, तर कायले पोरीचे हाल करा?" मी दाराआडून सगळं ऐकत होते. म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की मला माहीत नव्हतं.

स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी माझा अमरावतीचा मामा आला. त्याला गाण्यातलं कळतं असा घरात दबदबा होता. त्यानं गोदामात येऊन आमचं गाणं ऐकलं, नाकाला रुमाल लावून. घरी आल्यावर आईला म्हणाला, नलूचा गळा काळी चारचा आहे, हे लोक तिला खाली गाऊन गाऊन बसवून टाकतील. आई म्हणाली, "ती लमाणाची पोर मिरवते आणि आमची नुसती भाता हलवून राहिली." झालं. ते वाक्य माझ्या पोटात गेलं आणि तिथंच राहिलं. मी रूपलीचा द्वेष करत होते का? नाही हो. तिच्या फडक्यातली बाटी मी दुसऱ्या दिवशीही खाल्ली. पण ती गायला लागली की मला वाटायचं, हिच्यासाठी मी खाली का यायचं? बारातेरा वर्षांच्या मुलीच्या मनात एवढं विष मावतं, हे मी मास्तरीण झाल्यावर वर्गातल्या मुलींना कधी सांगितलं नाही. हो, पुढे मास्तरीण मीच झाले.

यवतमाळला आम्ही दारव्ह्यावरून मोटारीनं गेलो. गजानन मोटारीत ओकला, युसूफ प्रत्येक वळणावर विचारायचा की आता काय दिसते, आणि रूपली त्याला सांगायची, पळस, बैल, एक बाई, परत पळस. तिनं त्या दिवशी नवीन कांचळी घातली होती. एका शाळेच्या पटांगणात मांडव होता. तिथं गेल्यावर कळलं की वेळ वाचावा म्हणून सगळ्या गटांना मंचावर ठेवलेली एकच पेटी वाजवायची आहे. आमची लाल ठिपक्याची पेटी पोत्यात गुंडाळलेली तशीच राहिली. मिस्त्रीकाका मला म्हणाले, काही फरक नाही, पांढरी चार ती पांढरीच चार, मोजून धर. आणि ते खाली जाऊन हरसिंगजवळ बसले. पुढच्या रांगेत मामा बसला होता, मांडीवर टोपी ठेवून.

मी मंचावर बसले. समोर परकी, चकचकीत पेटी. तिच्यावर ठिपका नव्हता. मी पट्ट्या मोजल्या. पांढरी चारवर बोट नेलं. आणि तिथून ते उचलून काळी चारवर ठेवलं. मी काही ठरवून आले नव्हते. पण चुकूनही केलं नाही. एवढंच मला त्याबद्दल सांगता येतं. सूर निघाला तसं युसूफनं डोकं वर केलं. एकतारीची खुंटी पिळता पिळता हळूच म्हणाला, "पट्टी चढली का, ताई?" मी म्हटलं, "पेटीच चढी हाय इथली. तू मिळव." त्यानं मुकाट्यानं तार चढवली. बिचाऱ्याला दिसत असतं तर मी असं बोलले असते का, देव जाणे.

पहिली ओळ रूपलीनं इतकी सुरेख म्हटली की मला क्षणभर वाटलं, काही बिघडणार नाही. खालचे सूर वर आल्यामुळे उलट उजळले होते. सगळे गायले, गजाननची झांज छान पडली, मांडव शांत झाला. मग दुसरं कडवं आलं आणि ती ओळ आली. मला तिचा श्वास ऐकू आला. ती चढली, चढली, आणि पंचमाच्या आधीच तिचा आवाज फाटला. तिनं पुन्हा घेतला. पुन्हा फाटला, या वेळी एखादं कापड टरकावं तसा. मांडवात कुणीतरी हसलं. मागे बाकीची मुलं गप्प, कारण ती ओळ एकटीची. आणि मग मी काय केलं? मी ती ओळ गायले. माझ्या पट्टीत, माझ्या गळ्यानं, वरच्या पंचमावर सरळ जाऊन उभी राहिले. मांडवानं टाळ्या वाजवल्या. मामानं सगळ्यांत आधी वाजवल्या. गाणं संपेपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.

परीक्षक म्हणाले की पेटीवरच्या मुलीनं वेळ सांभाळली, तिचं कौतुक केलं पाहिजे. मला पितळेची एक लहान समई मिळाली. मंचामागे मुलं उभी होती. रूपली रडत नव्हती, नुसती घसा हातानं धरून उभी होती. हरसिंग आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं तिच्या डोक्यावरची ओढणी नीट केली आणि मिस्त्रीकाकांना म्हणाला, "मिस्त्री, पोरीनं करून पाह्यलं. हसले लोकं. आता पुरे." मिस्त्रीकाका काहीतरी सांगायला गेले, पण तो तिला घेऊन चालू लागला होता. मांडवाच्या दाराशी ती एकदा वळली. माझ्याकडे नाही, मंचावरच्या पेटीकडे पाहिलं.

परतताना मोटारीत मिस्त्रीकाकांनी मला विचारलं, "नलू, सा कुठं धरला होता?" मी म्हटलं, पांढरी चारवरच, ती पेटीच चढी होती. ज्यांनी आयुष्यभर पेट्या खोलून, कानशीनं घासून सूर जुळवले त्यांना मी हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अशीन," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. युसूफ माझ्या शेजारी होता. त्यानं आता काय दिसते असं पूर्ण रस्ताभर कुणाला विचारलं नाही.

रूपली शाळेत आली नाही. पहिले काही दिवस मास्तरीणबाई हजेरीत तिचं नाव घ्यायच्या, मग थांबल्या. जिनचा हंगाम सुरू झाला, गोदाम कापसानं भरलं, घरघर परत भिंतीत शिरली. समई आईनं देवघरात ठेवली आणि रोज संध्याकाळी लावू लागली. मी एकदा म्हटलं की ती दुसरीकडे ठेव, तर आईनं विचारलं, काहून? काय सांगणार होते मी? मला दर संध्याकाळी त्या समईपुढे हात जोडून उभं राहावं लागे. ती समई अजून माझ्याकडे आहे, पण माळ्यावर, पूर्वी पेटी पडून असायची तशी.

माझी सातवीची परीक्षा झाली आणि उन्हाळ्यात हरसिंग बाबांना लग्नाचं बोलावणं करायला आला. माझ्याकडे पाहून म्हणाला, पोरीनं सांगतलं हाय, पेटीवालीले आणाच. बाबा मला घेऊन बैलगाडीनं तांड्यावर गेले. सकाळची वेळ होती, पाठवणीचा दिवस. आम्हाला लापशी वाढली. मी ती अर्धी टाकली. एका म्हातारीनं मला हाताला धरून झोपडीत नेलं. रूपली मध्ये बसली होती, अंगभर दागिने, हातांत कोपरापर्यंत बांगड्या. पंधरा दिवस बायका तिला ढावलो शिकवत होत्या, म्हणजे नवरीनं गळ्यात पडून गाऊन रडायचं, ते त्यांच्यात शिकावं लागतं. तिचा आवाज बसला होता. तिनं बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं.

मी सगळं पाठ करून आले होते, बाबांच्या अर्जासारखं. मी चूक केली, मला क्षमा कर, वगैरे. पण मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. "मिस्त्रीकाका आलते तांड्यावर," ती म्हणाली. "विचारून राह्यले होते, पेटी चढी होती का म्हून. मी म्हटलं, हो, चढी होती."

मी हात मागे घेतले.

"मले दिसलं होतं वो," ती म्हणाली. "तुह्या बोटाकडंच पाह्यत होती मी. पांढऱ्यावरून काळ्यावर गेलं."

"मग तू थांबली काहून नाही?" मी विचारलं.

"मले वाटलं, तू केलं म्हणजे बराबरच अशीन. मले कुठं समजते पेटीतलं."

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं, आणि नवरी ती होती. मी म्हटलं, मिस्त्रीकाकांना खरं का नाही सांगितलंस. तिला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. म्हणाली, "तुले काढलं असतं ना त्याइनं. मंग त्या युसूफले सूर कोण देईन?" थोड्या वेळानं बाहेरून हाका आल्या. ती उठली, दागिने वाजले. दारात थांबून म्हणाली, "आता म्या हवेली म्हणीन. समोर उभी राह्यजो. सगळ्या धरतीन सूर, तू बी धरजो."

तांड्याच्या मोकळ्या जागेत झूल घातलेला बैल उभा होता. त्यांच्यात नवरीला बैलावर उभं करतात आणि तिथून ती बापाच्या घराचा, गुरांचा, पाणवठ्याचा निरोप गाते. त्याला हवेली म्हणतात. दोन बायकांनी तिला आधार देऊन वर चढवलं. हरसिंग बैलाची वेसण धरून उभा होता, पागोट्याचा पदर तोंडाला लावून. मी गर्दीत पुढे होते. रूपलीनं वरून इकडेतिकडे पाहिलं आणि मी दिसले तशी तिची नजर माझ्या हाताकडे गेली. सवयच ती. माझा हात परकराच्या घडीवर होता. मी मनात पट्ट्या मोजल्या, एक, दोन, तीन, आणि चौथ्या पांढरीवर बोट दाबलं. तिनं श्वास घेतला. दोन्ही हात वर केले आणि सुरू केलं.

सूर पांढरी चारचा होता. माझा कान त्या पट्टीवर इतका बसला होता की मला दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं. ती चढली, काठापर्यंत गेली, आणि तो काठ तिला पुरला. खाली उभ्या असलेल्या बायकांत कुणाचा आवाज बारीक होता, कुणाचा चढा, कुणाचा म्हातारपणी चिरका झालेला. एकेक करून त्या सगळ्या खाली उतरल्या आणि तिच्या पट्टीत रडू लागल्या. त्यांना कुणी नियम सांगितला नव्हता. माझ्या शेजारच्या म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं, धर म्हणाली. मी तोंड उघडलं. तो सूर मी अख्खा पावसाळा रोज दाबला होता, झोपेतही लागला असता. घशातून काही आलं नाही. बैल चालू लागला, फुलसावंगीच्या वाटेला लागला, आणि ती गातच होती. मी बोट तसंच दाबून धरलं होतं.